भिडू कमी पडलाय!

कॅरम खेळायचा म्हटलं की सगळं जग चौथा भिडू शोधत फिरतं. आमच्या नानांचं उलटं. चार माणसं बोर्डाभोवती जमली, सोंगट्या मांडून झाल्या, पावडर भुरभुरली, की नाना चष्म्यावरून एकेकाकडे बघणार आणि त्यातल्या एकाला उठवणार. हा एक म्हणजे बहुतेक वेळा मीच.

"मिस्त्री, तुमच्या दुकानाची लाईट चालू राहिली वाटतं. बघून या बरं जरा."

माझं दुकान रस्त्यापलीकडे, समोरच. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणं हा माझा धंदा. आता लाईट चालू आहे की बंद हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार? तरी मी आपला उठून जायचो, कुलूप ओढून बघायचो आणि परत यायचो. तोवर माझ्या जागेवर दुसराच बसलेला असायचा. तो दुसरा कोण, ते सांगतो. पण आधी ही जागा काय प्रकरण आहे ते ऐका, नाहीतर तुम्ही मलाच वेड्यात काढाल.

राहुरीहून शिंगणापूरकडे जाताना डाव्या हाताला एक पाटी दिसते. 'बालविहार परमिट रूम'. त्याखाली लाल रंगात 'लहान मुलांना प्रवेश नाही'. शनीच्या दर्शनाला निघालेले लोक गाड्या थांबवून पाटीचे फोटो काढतात. नानांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते अजून कळलेलं नाही. "बालविहार आमच्या वडलांनी दिल्यालं नाव हाय. बदलायचं का म्हनून?" एवढंच ते म्हणतात.

वडलांचं खेळण्यांचं मोठं दुकान होतं. वडील गेले, दोघा भावांची वाटणी झाली आणि दुकानाच्या बरोबर मधोमध भिंत उभी राहिली. नानांनी अलीकडच्या अर्ध्यात भोवरे, बॅटी, सापशिड्या ठेवल्या. धाकटे भाऊशेठ, त्यांनी पलीकडच्या अर्ध्यात परमिट रूम काढली. मग दोघांचा अबोला. पाण्याची मोटार तेवढी सामाईक, त्यामुळे निरोप्या मी. "मिस्त्री, तिकडं सांगा, टाकी भरली." मी तिकडे जाऊन सांगायचो. "मिस्त्री, इकडं ऐकू आलंय म्हनावं." भिंत एका विटेची, सगळं थेट ऐकू जायचं. पण भांडणालाही एक शिस्त असते ना!

पुढे पोरांच्या हातात मोबाईल आले आणि नानांच्या भोवऱ्यांवर धूळ बसली. पलीकडे मात्र खुर्ची मिळत नव्हती. नाना म्हणजे सुपारीचं खांडसुद्धा न खाणारा माणूस. एके दिवशी ते काखेत कॅरम बोर्ड मारून सरळ परमिट रूममध्ये शिरले. बोर्ड टेबलावर ठेवला आणि इतक्या वर्षांनी भावाशी पहिलं वाक्य बोलले, "भिंत पाडायची."

भाऊशेठ म्हणाले, "का?"

"शिंगनापूरला दारं न्हाईत तरी घरं चालत्यात. आपलं भिंतीबिगर दुकान चालनार न्हाई व्हय?"

गावात बोभाटा झाला की म्हाताऱ्याचा धंदा बुडाला म्हणून आता भावाच्या ताटात जेवायला बसला. मीही तसंच म्हणालो, खोटं कशाला बोलू. पण भिंत पडली आणि जागा धो धो चालायला लागली. कारखान्यातले इंजिनिअर यायला लागले. कोपऱ्यातल्या टीव्हीवर व्हिडिओ गेम आला. आमच्या गावचा एक कांद्याचा आडत्या, वय पन्नास, पोट पुढे, तो तिथे मोटारींची शर्यत खेळतो. वळण आलं की हा खुर्चीसकट वळतो. दोनदा खाली पडलाय. दूध डेअरीचे एक साहेब सापशिडी खेळताना साप आला की तोंडात मारल्यासारखे गप्प होतात.

आणि या सगळ्या बाप्यांना नाना शाळेतल्या पोरांसारखं वागवतात. आल्या आल्या हात धुवायचे. "शेंगदान्याचे तेलकट हात बोर्डाला लावले तर बघा हां." ग्लास बोर्डाजवळ आणायचा नाही, तो लांब भिंतीच्या फळीवर. "बोर्डाला पानी चालत न्हाई, तर दारू कशी चालंल?" डाव अर्धा टाकून फळीकडे जायचं नाही. कुणी हरल्यावर तणतण केली की, "रडू नका, डाव हाय, लढाई न्हाई." पत्ते अजिबात नाहीत. "पत्त्यांबरोबर पोलीस येत्यात," म्हणे. लहान पोरगं भोवरा घ्यायला आलं तर त्याला पायरीवर उभं करून नाना बाहेर येतात, भोवरा तिथेच फिरवून दाखवतात, आणि पोराला पाटीकडे बोट करून म्हणतात, "मोठा झाल्यावर ये खेळायला."

असा कारभार. माणूस रात्रभर प्यायला यायचा आणि एका क्वार्टरमध्ये दोन बोर्ड खेळून शहाण्यासारखा घरी जायचा. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "जा की जरा बालविहारात, बसून काय करताय?"

पण मला खेळू कोण देत होतं? मी नानांच्या समोर, त्यांचा भिडू म्हणून बसायचो आणि स्ट्रायकर हातात घेतला की झालंच. "मिस्त्री, लाईट." "मिस्त्री, तुमची गाडी आडवी लागलीय." एकदा तर म्हणाले, "मिस्त्री, तुमाला शिंक येनार हाय, भाईर जाऊन या." अहो, शिंक! आणि मी उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच मागून हाक, "धाकल्या! ए धाकल्या! भिडू कमी पडलाय!" गल्ल्यावरून भाऊशेठ उठायचे. "काय कटकट हाय रं नाना," म्हणत यायचे आणि माझ्या गरम खुर्चीत बसायचे.

शिंकेच्या दिवशी माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "नाना, मला खेळता येत नसेल तर तसं सांगा. मी काय तुमच्याकडे पंक्तीला आगंतुक आलोय?" आणि जाणंच बंद केलं.

आठवड्याभरात नाना माझ्या दुकानात. हातात छताचा पंखा. "ह्यो फिरंना," म्हणाले. मी वायर लावली, पंखा गरागरा फिरला. आम्ही दोघं थोडा वेळ त्या फिरत्या पंख्याकडे बघत बसलो.

"मिस्त्री, रागावू नगा," नाना म्हणाले. "भिंत हुती तवा पलीकडचं मला सगळं ऐकू यायचं. भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना, ग्लास ठेवल्याचा आवाज यायचा. एकाच ग्लासाचा. त्याची बायको वारल्यापास्नं त्यानं ते सुरू केलं हुतं. दोन ग्लास वाजले असते तरी मी काय म्हनलो नसतो. एकटा पीत हुता ओ. आन् डॉक्टरनं सांगितलंय, आसंच चाललं तर ह्यो मानूस न्हाई राहायचा."

मी पंखा बंद केला.

"पिऊ नको म्हनलं की चिडतो. नुसतं ये म्हनलं तर म्हनतो, चाललंय की तुमचं. पर भिडू कमी पडलाय म्हनलं की उठतोच. तेवढा वेळ तरी ग्लास फळीवर ऱ्हातो. म्हनून एक मानूस उठवावा लागतो. आन् तुमीच का, तर..." नाना अडखळले. "दुसऱ्याला उठवलं तर त्यो परत यायचा न्हाई. तुमी याल."

तेवढ्यात दुकानात आलेल्या गिऱ्हाइकावर मी उगाचच खेकसलो. पंख्याचे पैसे द्यायला लागले नाना, ते घेतले नाहीत. पंखा मुळात बिघडलाच नव्हता.

त्या दिवसापासून मी आपणहून उठायला लागलो. लाईट, गाडी, बायकोचा फोन, कारणं मीच तयार ठेवायचो. भाऊशेठ यायचे, बसायचे. एकदा बसले की राणी घेतल्याशिवाय उठायचे नाहीत, असा खेळ. महिन्या-महिन्याने त्यांच्या तोंडावरची सूज उतरत गेली. हे मला समोरच्या दुकानातून दिसत होतं आणि फार बरं वाटत होतं.

परवा घोटाळा झाला. नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर तो मोठा काळा चष्मा. घरी बसवेना म्हणून संध्याकाळी येऊन बोर्डावर बसले. आडत्या, डेअरीचे साहेब, नाना आणि मी. नानांना काळ्या चष्म्यातून सोंगटीच धड दिसेना, माणसं काय मोजणार? आणि मी? मी मेला विसरलोच! त्या दिवशी माझा हात असा काही चालला होता की विचारू नका. धडाधड सोंगट्या जात होत्या. राणी भोकाच्या तोंडाशी येऊन बसली होती, नुसती फुंकर मारली तरी जाईल अशी. मी स्ट्रायकर लावला.

खांद्यावर हात पडला. भाऊशेठ.

"मिस्त्री, तुमच्या दुकानापुढं कुनीतरी थांबलंय. चला."

मी बाहेर आलो. दुकान बंद, समोर कुत्रंसुद्धा नाही. भाऊशेठ माझ्या मागोमाग आले होते.

"कुनी न्हाई," ते हळूच म्हणाले. "जरा हितंच पानाच्या टपरीपाशी थांबा. नानाला आज दिसंना, त्याचं मोजायचं ऱ्हायलं."

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"आता नव्हं, लहानपनापास्नं. आळीतली मोठी पोरं मला खेळायला घेत न्हवती. ह्यो डाव मांडायचा आन् एकाला काहीतरी सांगून घरी पिटाळायचा. मग मला हाक मारायचा." भाऊशेठ हसले, पण डोळे भरले होते. "त्याला सांगू नगा हां मला कळतंय म्हनून. मग त्यो हाक मारायचा बंद होईल."

ते लगबगीने आत गेले. गल्ल्यावर जाऊन बसले, वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मी टपरीपाशी उभा राहून बघत होतो. मग नानांनी हात पुढे करून समोरची खुर्ची चाचपली.

"मिस्त्री कुठं गेला? अरे... धाकल्या! ए धाकल्या! भिडू कमी पडलाय!"

"काय कटकट हाय रं नाना," भाऊशेठ म्हणाले आणि टाकोटाक उठले.

माझी राणी त्यांनीच घेतली. कव्हरसकट.