पान बावन्नवरच्या बाईचं पुनर्मूल्यांकन

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात पान बावन्नवर राहणारी वासंती सोमवारी सकाळी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज घेऊन कॉलेजात आली. ती अनवाणीच आली, कारण कथेत तिच्या चपलांचा उल्लेखच नाही.

ऑफिसातल्या बोंद्रे भाऊसाहेबांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "बैठक क्रमांक?"

"मी परीक्षेला बसत नाही. माझ्यावर प्रश्न येतो."

"मग मराठी विभाग. जिना चढून डावीकडे."

विभागात ढवळीकर मॅडम उत्तरपत्रिका तपासत होत्या. ही कथा त्या सोळा वर्षं शिकवत होत्या, त्यामुळे ओळख करून द्यावी लागली नाही. वासंती चांगली गुबगुबीत निघाली, एवढंच काय ते त्यांना नवल वाटलं.

"बसा. तक्रार काय?"

"प्रश्न चौथा. 'वासंतीच्या मनोविकाराची कारणे लिहा.' गुण पाच. पोरं इमानेइतबारे लिहितात, मूल नाही, प्रेम नाही, बाईच्या जातीचा कोंडमारा. तुम्ही पैकीच्या पैकी देता. आणि आदर्श उत्तरात असेल तेच माझं होतं, नियमच आहे तसा. निकाल लागला की शेवटच्या पानावर गाडी येते आणि मला इस्पितळात नेते. सोळा वेळा गेले, मॅडम. आता नाही जायचं मला."

मॅडमनी हातातली उत्तरपत्रिका बाजूला ठेवली. ते आदर्श उत्तर त्यांनीच लिहिलं होतं, पहिल्या वर्षी, घाईघाईत.

"पण तुम्ही रोज दुपारी गच्चीवर जाऊन बसता. हाक मारली तर ओ देत नाही. हे लक्षण नव्हे?"

"तिथे मी काय करते, विचारलंत कधी?"

हा प्रश्न सोळा वर्षांत एकदाही काढला गेला नव्हता. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "काय करता?"

"पाय पसरून बसते. वाळत घातलेल्या सांडग्यांतला एखादा ओला सांडगा खाते. खालून हाका येतात. सासऱ्यांना चष्मा हवा, नवऱ्याला टॉवेल. अहो, सगळं त्यांच्या हाताशीच असतं! मी ओ दिली नाही की बरोब्बर सापडतं."

"रडू येतं?"

"येतं की. मग रडते. मग दुसरा सांडगा."

मॅडमनी जुनं उत्तर खोडलं आणि खाली लिहिलं: 'वासंती दुपारी गच्चीवर बसते. कधी रडते. तिला तिथे बरं वाटतं. गुण पाच.' खाली ऑफिसात भाऊसाहेबांनी शिक्का मारला. पोच द्यायलाही ते विसरले नाहीत.

निकालाच्या दिवशी शेवटच्या पानावर गाडी आली. ड्रायव्हरने तीनदा हॉर्न वाजवला, सासऱ्यांबरोबर चहा घेतला आणि तो रिकामाच परत गेला. कथा अर्ध्या पानाने आखूड झाली. त्याबद्दल कुणाची तक्रार आली नाही.

पुढच्या रविवारी, भर दुपारी, ढवळीकर मॅडम आपल्या घराच्या गच्चीवर गेल्या. चटईवर वासंती होतीच, शेजारी वाळत घातलेले सांडगे. तिने सरकून जागा करून दिली. मॅडम टेकतात न टेकतात तोच खालून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, "अगं, माझा चष्मा कुठंय?"

सवयीने मॅडमनी ओ द्यायला तोंड उघडलं. वासंतीने त्यांच्या हातावर हात ठेवला. "थांबा जरा."

खाली दोन-तीन खण उघडल्याचे आवाज आले. मग यजमान म्हणाले, "सापडला!"

मॅडमनी पाय पसरले आणि एक सांडगा उचलला.