संदर्भकाकांना आक्षेप नाही

संदर्भकाका सकाळी आपल्या खोलीपाशी पोचले तेव्हा दोन दांडगी माणसं त्यांचं टेबल आडवं करून दारातून बाहेर ओढत होती. टेबल अडकलं होतं. त्यातल्या एकाने चौकटीला पाय लावून हिसका दिला, आणि काकांच्या कपाळावरची शीर टरारून फुगली.

तसं पाहिलं तर ती शीर फुगायला एवढंही निमित्त लागत नसे. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाचा लेखन-मदत कक्ष म्हणजे ही खोली, आणि मुलांचे प्रबंध तपासून त्यांचे संदर्भ सरळ करणं हे काकांचं काम. कोणी लेखकाच्या नावापुढे वर्ष घातलं नाही की काका कडाडायचे, "हा माणूस लिहून कधी गेला, मागच्या जन्मी?" कोणी मूळ लेख न वाचता तिसऱ्याच्याच लेखातून वाक्य उचललेलं सापडलं, तर त्यांचा आवाज पार जिन्याच्या तळापर्यंत जायचा. मुलं बोलणी खायची, नाक पुसायची आणि पुन्हा यायची. काकांच्या नजरेखालून गेलेल्या संदर्भसूचीत परीक्षकाला बोट ठेवायला जागा उरत नसे. या खोलीवर काकांचा फार जीव होता. घरी त्यांना कोणी इतकं बोलू देत नसे, हेही एक कारण होतंच.

पण मागच्या वर्षी घात झाला. तपासायला आलेल्या एका निबंधात 'एक मध्यमवयीन कर्मचारी' मुद्दाम चिडवला गेला होता. त्याच्यासमोर पेन टकटक वाजवायचं, त्याच्या खुर्चीत बसायचं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा आणि त्याचा आवाज किती चढतो ते मोजायचं, असा तो प्रयोग. काकांनी सगळे संदर्भ नीट लावले. 'या बिचाऱ्याची कीव येते' असा शेराही समासात मारला. मग परिशिष्ट उघडलं. त्या बिचाऱ्याचे उद्गार तिथे जसेच्या तसे दिले होते, आणि पहिलाच उद्गार होता, 'हा माणूस लिहून कधी गेला, मागच्या जन्मी?'

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, या कार्ट्यांना आपल्या रागाचा एक थेंबही मिळू द्यायचा नाही.

म्हणून आज ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात समोरच्या बाकावर बसलेली मुलगी त्यांना दिसली. मांडीवर फाइल, हातात मोबाइल. ती भराभरा काहीतरी टाइप करत होती आणि मधूनच काकांच्या तोंडाकडे बघत होती.

'असं होय!' काका मनात म्हणाले. त्यांनी तोंड मिटलं आणि ओठ कानापर्यंत नेले.

"या, या! सावकाश काढा. पाय मोडेल टेबलाचा. थांबा, मी धरतो."

इमारत विभागाचा कारकून भिंतीला चिकटून उभा होता. काकांची कीर्ती ऐकून तो बिचारा मनाची तयारी करून आला होता. दांडगी माणसंही त्याने त्यासाठीच आणली होती. त्याने लांबूनच कागद पुढे केला.

"काका, ही खोली आजपासून परीक्षा विभागाला दिलीय. त्यांची कपाटं यायचीत. तुमचं सामान तळघरात."

"वा! आणि मी?"

"तुम्हीपण."

"तळघरात खिडकी आहे का हो?"

"नाही."

"उत्तम! खिडकीने नुसतं लक्ष विचलित होतं. मुलांनी फारच विचार केलेला दिसतोय."

"कुठल्या मुलांनी?"

"चेहरा मस्त ठेवलाय तुम्ही," काका त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले. "जरासुद्धा हसू येत नाही?"

कारकुनाला हसू नाही, घाम आला. तरी संधी चांगली होती. त्याने भीत भीत विचारलं, "मग आक्षेप नाही असं लिहून द्याल?"

काकांनी पेन काढलं. आदेशाचा क्रमांक, दिनांक, परिच्छेद, सगळा संदर्भ बिनचूक देऊन त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं की वरील आदेशास माझा कोणताही आक्षेप नाही, उलट आनंदच आहे. 'आनंदच' खाली रेघ मारली आणि बाकावरच्या मुलीकडे बघून डोळे मिचकावले. मुलगी दचकली.

मग संगणक हातगाडीवर चढला, आणि काकांनी स्वतः गाडीला धक्का दिला. पुस्तकांचे गठ्ठे गेले. खुर्ची गेली तेव्हा काकांना आतून गलबलून आलं, पण तेही त्यांनी हसण्यावारी नेलं. बायकोचा फोन आला.

"डबा विसरलात. आणि मागे कसला धडाधडा आवाज येतोय?"

"काही नाही गं, खोली काढून घेतायत माझी."

"आणि तुम्ही ओरडत नाही?"

"नाही. हसतोय."

"बरं वाटत नाहीये का? खाली बसा. पाणी प्या. मी येऊ का?"

"खाली बसायला खुर्ची नाही," काका आनंदाने म्हणाले आणि फोन ठेवला.

हातगाडी कोपऱ्यावरून वळली, तशी बाकावरची मुलगी ताडकन उठली.

"काका, तुम्हाला वेड लागलंय का?"

"लिहून घे बेटा, सगळं लिहून घे. आवाज नॉर्मल, चेहरा प्रसन्न."

"काय लिहून घेऊ? पाचच्या आत प्रबंध द्यायचाय मला! सकाळपासून बसलेय इथे! तुम्ही तपासलेली माझी संदर्भसूची त्या संगणकात होती, आणि तुम्ही गाडीला धक्का मारताय?" तिचे डोळे भरून आले. "आईला मेसेज करतेय मघापासून, की काका कसेतरीच करतायत म्हणून!"

काकांचं हसू तोंडावरच वाळलं. तेवढ्यात विभागप्रमुख बाई धापा टाकत आल्या. त्यांनी रिकामी खोली पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"हे काय करून बसलात? आक्षेप नाही म्हणून लिहून दिलंत? अहो, काल इमारत अधिकाऱ्यांना मी ठणकावून सांगितलं, खोली घ्यायला गेलात तर आमचे काका इमारत डोक्यावर घेतील! सगळी भिस्त तुमच्यावर होती!"

"मॅडम, मला वाटलं प्रयोग आहे."

"तुमचा संताप आम्ही इतकी वर्षं सहन केला तो कशासाठी? एक दिवस उपयोगी पडेल म्हणूनच ना? तोच दिवस बरा सापडला तुम्हाला शहाणं व्हायला!"

आता मात्र शीर नुसती फुगली नाही, ती नाचायला लागली. सकाळपासून गिळलेलं सगळं एकदम वर आलं. काका जिना उतरले ते दोन-दोन पायऱ्या गाळत. आदेश रद्द करण्याचं पत्र घाईघाईने खरडून बाई मागे, त्यांच्या मागे ती मुलगी.

इमारत अधिकारी चहा पीत होते. काकांनी दार ढकललं ते भिंतीवर आपटलं.

"लाज वाटते का तुम्हाला? मुलांचे प्रबंध तोंडावर आलेत आणि तुम्ही खोली काढता? आणि आदेश तरी धड लिहा! परिच्छेद दोनमध्ये ज्या ठरावाचा हवाला दिलाय, त्याची तारीख नाही! परिच्छेद तीनमध्ये 'असे समजते' म्हणता. कोणाकडून समजते? कधी समजते? मी तळघरात बसायला काय बटाटा आहे?"

टेबलावर मूठ आपटली. बशीत चहा सांडला. बाहेरचे कारकून दारात गोळा झाले.

अधिकारी शांतपणे हसले. त्यांनी रुमालाने बशी पुसली आणि टेबलाखाली वाकून पाहिलं.

"कुठे बसवलाय?"

"कोण?"

"तुमचा निरीक्षक! मागच्या महिन्यात तुमच्याच पोरांनी प्रयोग म्हणून माझ्या दारात खोटं भांडण लावलं. मी रखवालदार बोलावले, सगळं ऑफिस हसलं मला. आता नाही फसणार." त्यांनी काकांचा सकाळचा कागद वर धरला. "सकाळी इतक्या सुंदर अक्षरात 'आनंदच आहे' लिहिणारा माणूस दुपारी असा येतो? ही मुलगी नोंदी घेतेय, होय ना? लिही गं, अधिकारी जराही चिडले नाहीत."

"अहो, हा खरा…" काका गरजले, आणि बाईंनी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचा शब्द घशातच राहिला.

"बरोबर ओळखलंत, सर," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "शेवटचा टप्पा राहिलाय फक्त. एवढा अपमान झाल्यावरही माणूस समोरच्याची मागणी मोकळ्या मनाने मान्य करतो का, ते पाहायचंय." आणि पत्र पुढे सरकवलं.

"न करायला काय झालं? कपाटं काय, व्हरांड्यातही राहतील." अधिकाऱ्यांनी झोकात सही केली, शिक्का मारला आणि दारातल्या कारकुनांकडे विजयी नजरेने पाहिलं. मुलगी मान खाली घालून मोबाइलवर वाटेल ते टाइप करत होती.

काकांनी कागद उचलला आणि ते वळले.

"थांबा," अधिकारी म्हणाले. "वाईट वाटून घेणार नसाल तर एक सांगू? आवाज छान आहे तुमचा. पण राग पटत नाही. खरा चिडलेला माणूस परिच्छेद दोन, परिच्छेद तीन असं बोलत नाही हो. तुम्ही मुळात थंड स्वभावाचे दिसता."

शीर फुगली. मुलीने डोळे घट्ट मिटले. बाईंचा हात पुन्हा दंडाकडे सरकला. काकांनी सहीचा कागद छातीशी धरला.

"सूचना योग्य आहे, साहेब," ते दातांवर दात रोवून म्हणाले. "पुढच्या वेळी सुधारणा करतो."