हॉर्नवर मोजलेल्या गाई

आमच्या सँडहिल्सच्या गुरं पाळणाऱ्या मुलखात माणसाला "तुझ्या गाई किती?" असं विचारणं म्हणजे सरळ त्याच्या खिशात हात घालणं! चाळीस वर्षं मी तो आकडा कुणाला कळू दिला नाही. कॅफेत कुणी विषय काढलाच, तर कॉफी ढवळत म्हणायचो, "हात रिकामे राहत नाहीत एवढ्या आहेत." लोक आपापल्या मनाने दोनशे धरायचे. मी कशाला अडवू?

मग कोरोना आला. कत्तलखाने बंद पडले, गुरांचे भाव कोसळले आणि सरकारने दर जनावरामागे मदत जाहीर केली. मला ती हवीच होती. त्या वर्षी पावसानेही पाठ फिरवली होती, कुरण करपलं होतं. हिवाळ्यासाठी गवत विकत घेता आलं नाही, तर गाई विकाव्या लागणार होत्या. मी बायकोला, व्हर्नाला म्हटलं, "चल. खिडकीशी जाऊन आकडा हळूच सांगतो नि परत येतो. कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही!"

मदतीच्या सरकारी कचेरीपाशी पोचलो, तर दाराला कुलूप! आत यायचं नाही, गाडीतून उतरायचं नाही. अर्जाचा शेवटचा दिवस म्हणून निम्म्या जिल्ह्याचे पिकअप खिडकीसमोर शेजारी शेजारी उभे. आमच्या मुलीची मैत्रीण ट्वायला तिथे कामाला. तोंडाला फडकं बांधून ती आतून एकेकाला ओरडून विचारत होती.

"एल्डन काका, गाई किती?"

तिने विचारलं मात्र, सगळ्यांची इंजिनं बंद! चर्चमध्येही एवढी शांतता नसते.

"अहो, सांगा ना," व्हर्ना म्हणाली.

"सगळे कान देऊन बसलेत!"

"मग वाढवून सांगा."

"आणि सरकारी माणूस मोजायला आला, तर काय तू गोठ्यात हंबरणार आहेस?"

मी बोटं दाखवली. "दिसत नाही, काका! काचेवर ऊन आहे!" शेवटी पोरीलाच माझी दया आली. "बरं, दहा गाईंना एक हॉर्न वाजवा. वरच्या किती ते मग बघू!"

निदान आकडा माझ्या तोंडून तरी जाणार नव्हता. मी हॉर्न दाबला. तो अडकला!

अशी बोंब सुटली म्हणता! गाडीत मागे बसलेला आमचा कुत्रा गळा काढून रडायला लागला. मी स्टिअरिंगवर गुद्दा मारला, तर काचेवरचे वायपर चालू झाले. शेजारच्या पिकअपमधून लाइल ओरडला, "अरे, टेक्सास विकत घेतलंस काय रे?"

ट्वायला कानांवर हात ठेवून किंचाळली, "काका, बास! सरकारकडेसुद्धा एवढे पैसे नाहीत!"

मी खाली वाकून हाताला लागतील त्या सगळ्या वायरी उपटल्या. हॉर्न बंद. इंजिन मेलं. आणि हॉर्नच्या वर आवाज चढवून ओरडणारी व्हर्ना मात्र थांबली नव्हती.

"एकतीस गाईंसाठी केवढा हा तमाशा!"

एकतीस! तो आकडा त्या शांततेत असा पडला, जशी चर्चच्या फरशीवर पितळी थाळी. ट्वायलाने मान खाली घालून तो लिहून घेतला. मी टोपी नाकापर्यंत ओढली. पळून जावं, तर गाडी चालू होत नव्हती.

"लाइल काका, तुमच्या?"

लाइलच्या चारशे तरी असतील, असं मी धरून होतो. त्याने खाकरून घसा साफ केला.

"एकोणीस."

त्याच्या पलीकडून आवाज आला, "सव्वीस." मग कुणीतरी म्हणालं, "बारा. त्यातल्या दोन म्हाताऱ्या." कुणी हसलं नाही. बाहेरच्यांनी आमचा जिल्हा पाहिला की त्यांना वाटतं, इथे माणसांपेक्षा गुरंच जास्त असतील. आम्हालाही तसंच वाटत होतं.

लाइल खिडकीतून माझ्याकडे झुकून हलकेच म्हणाला, "एल्डन, मदत पुरली नाही तर मी माझ्या गाई तुला विकायला येणार होतो रे."

मी त्याच कामासाठी रविवारी त्याच्याकडे जाणार होतो, हे आता त्याला कुठल्या तोंडाने सांगू!