डोळे मिटून राखण

एका जंगलात, मुलांनो, सगळं गोष्टीतल्या जंगलात असतं तसंच होतं. ओढा होता, गवताळ माळ होता, माळाच्या मधोमध ऐनाचं उंच झाड होतं. फरक एवढाच की या जंगलाला एक व्यवस्थापन समितीसुद्धा होती. ती कशासाठी होती ते मला विचारू नका. समितीलाही कुणी विचारलं नव्हतं.

ऐनाच्या शेंड्यावर वाळकू नावाचा वानर बसायचा आणि खाली चितळं चरायची. वानराची नजर लांबची, चितळांचं नाक तिखट. त्यामुळे दोघांचं फार पूर्वीपासून ठरलेलं होतं. वानरानं वरून बघायचं आणि बिबट्या दिसला की 'खक् खक्' करून ओरडायचं. वानर खाली पाण्यावर आला की चितळांनी वाऱ्यावर नाक ठेवायचं. यात कुणी कुणावर उपकार करत नव्हतं, म्हणून ते बरं चाललं होतं.

पूर्वी शेंड्यावर पाळ्या असायच्या. वाळकूच्या जोडीला आणखी दोन वानर होते. त्यातला एक म्हातारा होऊन गेला आणि त्याची जागा भरायची राहून गेली. दुसऱ्याला बढती मिळाली. राखण कशी चालली आहे यावर तो देखरेख करू लागला. हे काम सावलीत बसून करता येत असे. उरला वाळकू. सकाळी तोच, दुपारी तोच आणि चांदण्यातही तोच. एके दिवशी तर त्यानं एका वारुळाकडे बघून आरडाओरडा केला. अख्खा कळप ओढ्यापलीकडे पळाला. वारूळ जागचं हललं नाही.

सगळे पोट धरून हसले. मंजुळा मात्र हसली नाही. मंजुळा म्हणजे कळपातली एक हरिणी. तिला नुकतंच पाडस झालं होतं आणि त्याचे पाय अजून लटपटत होते. कळप पळाला तेव्हा ते एकटंच माळावर उभं राहिलं होतं. आज वारूळ होतं म्हणून निभावलं. उद्या खरा बिबट्या आला आणि वाळकूला नेमकी तेव्हाच डुलकी लागली तर पाडस काही वाचायचं नाही. हे तिच्या मनात आलं आणि तिच्या तोंडचा घास गळून पडला.

ती तडक समितीच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष सांबर होते, नाव शिंगाडेसाहेब. वाळकूभाऊ फार दमला आहे, त्याला कुणीतरी पाळीला जोडीदार द्या, असं तिनं सांगितलं. साहेबांनी बराच वेळ मान डोलावली. मान डोलावली की त्यांची शिंगं चांगली दिसायची. मग ते म्हणाले की मुद्दा दमण्याचा नाही, प्रेरणेचा आहे.

आता योगायोग बघा. त्याच सुमाराला ओढ्यावर उत्तरेकडून एक चक्रवाक पक्षी आला होता. तो दर हिवाळ्यात यायचा, इकडच्या सगळ्यांना कसं जगावं ते सांगायचा आणि उन्हं तापायच्या आत परत जायचा. त्यामुळे त्याच्या सल्ल्यांचं पुढे काय झालं हे त्याला कधी कळलं नव्हतं. त्याचा आत्मविश्वास टिकून होता तो यामुळेच.

समितीनं चक्रवाकसरांना वाळकूकडे धाडलं. सरांनी वाळकूला विचारलं की काय केल्यानं तुला ताजंतवानं वाटेल. वाळकू म्हणाला, "जरा झोप मिळाली तर बरं होईल." सरांनी यावर मायेनं मान हलवली. नंतर त्यांनी समितीला सांगितलं की हा मूळ प्रश्नापासून पळ काढतो आहे.

सरांनी उपचार सुरू केले. पहाटे उठल्याबरोबर वाळकूनं सूर्याचे आभार मानायचे. वाळकू मुळात झोपतच नव्हता, तेव्हा उठल्याबरोबर म्हणजे कधी, हा घोळ झाला. शेवटी तो अधूनमधून आभार मानत राहिला. शिवाय सरांच्या मते 'खक् खक्' हा आवाज फार नकारात्मक होता. वाईट बातमी नेहमी दोन चांगल्या गोष्टींच्या मधे ठेवून द्यावी, असं त्यांनी शिकवलं. त्याआधी तीन वेळा खोल श्वास घ्यायचा.

दोनच दिवसांनी बिबट्या आला. वाळकूनं तीन खोल श्वास घेतले आणि म्हणाला, "मंडळी, आज गवत फार कोवळं दिसतंय. ओढ्याच्या बाजूनं बिबट्या येतोय. आणि तुमच्या पाठीवरचे ठिपकेही सुरेख दिसताहेत."

गवताचं कौतुक ऐकून चितळं खूश झाली आणि चरतच राहिली. मधलं वाक्य होईतो बिबट्या माळावर पोचला होता. मंजुळानं पाडसाला ढुशा देत देत कसंबसं काट्यांत ढकललं. दोघांच्याही अंगावर ओरखडे उठले. जीव वाचला, पण त्यानंतर मंजुळाचा पान्हा दोन दिवस आटला होता.

ती पुन्हा समितीकडे गेली. साहेबांना वाईट वाटलं, खरोखर वाटलं. एकट्या वाळकूवर उपचार करून भागणार नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं. म्हणून त्यांनी सगळ्या जंगलासाठी मन:शांतीचं शिबिर ठेवलं. हजेरी सक्तीची होती. वाळकूलाही शेंड्यावरून खाली बोलावलं, कारण शिबिर मुळात त्याच्यासाठीच होतं.

ऐनाखाली सगळे रांगेनं बसले. चक्रवाकसर दगडावर उभे राहिले. सर म्हणाले की मौन पाळा, डोळे मिटा, आपल्याला इथे कसलंही भय नाही अशी कल्पना करा. सगळ्यांनी डोळे मिटले. ज्याचं कामच डोळे उघडे ठेवायचं, त्यानंही मिटले.

मुलांनो, शेवटच्या रांगेत बिबट्या येऊन बसला. त्याला गहिवरून आलं असेल. आजवर त्याच्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं.

मंजुळानंही डोळे मिटले होते. पण नाक कसं मिटणार? वाऱ्याबरोबर वास आला आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला. मौन मोडून तिनं खूर जमिनीवर आपटला आणि पाडसाच्या आणि बिबट्याच्या मधे उडी घेतली. मग एकच धांदल उडाली. कोण कुणाला धडकतंय ते कळेना. त्या गोंधळात बिबट्याच्या तोंडी लागली ती चक्रवाकसरांची शेपटी. पिसांची चव काही त्याला आवडली नसावी. थुंकत थुंकत तो निघून गेला.

धूळ खाली बसली तेव्हा सगळे आपापल्या जागी परतले. वाळकू होता तिथेच होता. झाडाच्या बुंध्याला टेकून, तोंड उघडं टाकून तो गाढ झोपला होता.

सगळ्यांना त्याचा संताप आला. राखणदार म्हणवतो आणि बिबट्या आला तरी झोपतो. शिंगाडेसाहेब त्याला शिंगानं ढोसायला निघाले. मंजुळा आडवी आली. 

"साहेब, उठवू नका त्याला," ती म्हणाली. "वारा माझ्या बाजूचा आहे. तोवर मी बघते."

साहेबांनी विचारलं की हे कुठल्या पद्धतीत बसतं.  मंजुळा पाडसाला पोटाशी घेऊन वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. थोड्या वेळानं आणखी दोघी तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही पाडसं होती.

वाळकू दुसऱ्या दिवशी सकाळी उठला. भरपूर पाणी प्यायला, शेंड्यावर चढला आणि ओढ्यापलीकडच्या करवंदीत त्याला बिबट्याच्या कानाचं टोक दिसलं. आभार नाहीत, श्वास नाहीत, ठिपक्यांचं कौतुक नाही. तो नुसता 'खक् खक्' ओरडला. माळ क्षणात रिकामा झाला आणि मंजुळाचं पाडस सगळ्यांच्या पुढे धावत होतं. मंजुळाला हसू आवरेना. किती दिवसांनी ती अशी हसली.

वाळकूतला हा बदल समितीच्याही नजरेत भरला. त्यांनी चर्चा केली आणि हा शिबिराचाच परिणाम असल्याचं एकमतानं ठरलं. चक्रवाकसरांचा, उरलेल्या शेपटीसह, सत्कार झाला. वाळकूला बढती मिळाली. तो आता जंगलोजंगली फिरतो आणि कामात ताजंतवानं कसं राहावं यावर बोलतो. सुरुवातीला झोपेचं सांगायचा, पण समितीनं तेवढा भाग काढायला लावला.

ऐनाचा शेंडा रिकामा आहे. जागा भरायची राहून गेली आहे. खाली मंजुळा उभी असते, दिवसा आणि रात्रीही, वाऱ्याकडे नाक करून. त्या दोघीही आधी असायच्या, पण समितीनं त्यांची नेमणूक दुसऱ्या माळावर केली आहे. परवा शिंगाडेसाहेब तिच्या जवळून गेले. ती उभ्या उभ्या पेंगत होती. साहेब थांबले, त्यांना खरोखर वाईट वाटलं, आणि पुढच्या हिवाळ्याच्या शिबिरात त्यांनी सगळ्यात पहिलं नाव तिचं घातलं.

तात्पर्य : दमलेल्याला काय हवं आहे ते त्यालाच विचारू नये. तो 'झोप' म्हणून मोकळा होतो. मग एवढ्या सगळ्या शिबिरांचं करायचं काय?