कुलपाची कादंबरी

वस्तू जितकी स्वस्त, तितकं तिचं कुलूप भक्कम असावं लागतं. हे सत्य मला एका पत्राने पटवलं, आणि त्या पत्राला मी कित्येक दिवस उत्तरच दिलं नाही. (मला उत्तर जमेल याची खात्री नव्हती. आजही फारशी नाही.)

माझ्या पुतणीने शिंप्यांसाठी एक प्रोग्राम बनवला. गिऱ्हाइकांची मापं कॉम्प्युटरवर राहतात. किंमत एका सदऱ्याच्या शिलाईइतकी. इतकी स्वस्त वस्तू कोण चोरणार, असं मला वाटलं होतं. पण महाग वस्तू चोरताना माणसाला मन खातं. स्वस्त वस्तू तो नुसती 'घेतो'. पहिल्या महिन्यात प्रोग्राम तिघांनी विकत घेतला आणि दोनशे जण वापरू लागले.

"काका, तुमची ती कादंबरी किती पानांची?" पुतणीने विचारलं.

"सहाशे चाळीस."

"कोणी वाचलीय?"

"तुझ्या काकूने सुरुवात केली होती."

"झकास! म्हणजे कुणाला पाठ असायची भीती नाही."

योजना निर्दोष होती. प्रोग्रामबरोबर माझी कादंबरी द्यायची. रोज सकाळी प्रोग्राम विचारणार : पान अमुक, ओळ तमुक, तिसरा शब्द कोणता? तो टाइप केला की मापं उघडणार. प्रोग्रामची नक्कल फुकट होते. सहाशे चाळीस पानांची झेरॉक्स काढायला मात्र पाच सदरे शिवावे लागतात. सात प्रकाशकांनी 'फार लांब' म्हणून परत केलेलं माझं लेखन अखेर त्याच गुणावर छापलं गेलं.

वर्षात बाराशे प्रती गेल्या. रोज बाराशे माणसं आपलं पुस्तक उघडतात, हे भाग्य भल्याभल्यांना लाभत नाही. (प्रत्येकजण एकच शब्द वाचत होता, हे खरं. पण लक्षपूर्वक.) पुतणीच्या पाहणीनुसार शेकडा साठ शिंपी कापड सरकू नये म्हणून त्यावर कादंबरी ठेवत. अडतीस जण कादंबरीवर चहा ठेवत. उरलेल्या दोघांना पाहणीच समजली नाही.

मग ते पत्र आलं. झगे शिवणाऱ्या एका बाईंचं.

'सर, माझ्या दिराने प्रश्न न विचारणारी नक्कल तयार केली. आता तीच सगळ्या शिंप्यांकडे आहे, माझ्याकडेही. तुमच्या पुस्तकाची गरज उरली नाही. पण रोज शब्द शोधताना पुढची ओळ दिसायची, तिच्यापुढची दिसायची, आणि आता मी तीनशे एकोणनव्वद पानावर आहे. तिथे धाकटी भांडून नावेत बसलीय. ती घरी परत येते का, तेवढं कळवा. येत नसेल तर मी इथेच थांबते. कामं तुंबलीत, गिऱ्हाइकं डोक्यावर बसलीत.'

पत्र वाचून पुतणी उडालीच. "काका, सापडला चोर! पाकिटावरचा पत्ता द्या, त्या दिराला नोटीस धाडते."

"अगं, पण त्याची वहिनी तीनशे एकोणनव्वद पानावर आहे."

"मग?"

"घरात नोटीस आल्यावर त्या पुढचं वाचतील का?"

"काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?"

मी वाचकांच्या बाजूने होतो. संख्येने ती बाजू एकच होती. मी पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि पुतणीशी चार दिवस हवापाण्यावर बोललो.

पेच उत्तराचा होता. 'येते' म्हणावं, तर बाईंची काळजी मिटणार आणि पुस्तकही. 'येत नाही' म्हणावं, तर त्यांनी आधीच बजावलं होतं. बाराशे कुलपांतून एकच माणूस आत आला होता, आणि त्याला आत कसं ठेवायचं हे कुठल्याच योजनेत नव्हतं. शेवटी आज मी चार ओळी लिहिल्या. नव्या पाकिटावर पत्ता माझ्या अक्षरात घातला. तो पोस्टमनलाही महत्प्रयासाने लागेल, पुतणीला तर नाहीच.

धाकटी परतते की नाही, हे आता तुम्हालाही हवं असेल. साहजिक आहे. पण तुम्ही कादंबरी घेतली नाहीत, प्रोग्राम घेतला नाहीत, एक शब्दसुद्धा शोधलेला नाहीत. इथे दोन मिनिटांत आत शिरलात आणि थेट शेवट मागताय. त्या दिराने निदान कष्ट तरी घेतले होते. तेव्हा क्षमस्व. शेवट पाकिटात होता, आणि ते मी नुकतंच टपालपेटीत टाकलं.