वेईसाहेब आणि जेवणाची चौकशी

वेईसाहेब कुणाला ‘हॅलो’ म्हणायचे नाहीत. समोर कुणीही येवो, ‘हॅव यू ईटन?’ सकाळी नऊला, पार्किंगमध्येसुद्धा! इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीतल्या गोऱ्या माणसांची अगदी पंचाईत व्हायची. एका कस्टमरला तर ते लंचचं आमंत्रणच वाटलं. बिचारा कोट चढवून दारात उभा.

खरं सांगायचं तर मला त्याचा अर्थ पहिल्या दिवशीच कळला होता. आमच्या चिंचवडला तरी दुसरं काय विचारतात? आईचा फोन उचलला की पहिला प्रश्न तोच, ‘जेवलीस का गं?’ पण ऑफिसात सगळे हसले, तेव्हा मीही हसले. वर त्यांची नक्कल करून दाखवली! नवी नोकरी, नवा देश, चारचौघांत मिसळायची घाई. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आमची कंपनी चिनी. कारखान्यातल्या मोटरी किती वेगाने फिरवायच्या ते ठरवणारे ड्राइव्ह बनवते. इकडच्या बाजारात पाय रोवायला वेईसाहेबांना तीन वर्षांसाठी पाठवलेलं. वय पन्नाशीचं, खांद्याला गरम पाण्याचा थर्मास. मशीन सुरू झालं की ड्राइव्हवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे. मग ‘ताप नाही’ म्हणून पुढे. मी एकदा टेम्परेचर मोजायचं यंत्र पुढे केलं, तर म्हणाले, ‘त्यात आकडा कळतो. त्याला बरं वाटतंय का, ते कुठे कळतं?’

ब्रिस्टलचा बिस्किटांचा कारखाना म्हणजे आमची इथली पहिली मोठी आशा. आधी एका लाइनवर ट्रायल, जमलं तर बाकीच्या सगळ्या लाइन्स आमच्या. ट्रायलचं सेटिंग माझ्याकडे होतं. मोटरीवरची पाटी वाकून वाचायची सोडून मी जुन्या ड्रॉइंगवरचा आकडा घातला. मोटर मात्र मध्यंतरी बदलली होती. व्हायचं तेच झालं. ड्राइव्ह सारखा बंद पडायला लागला आणि भट्टीत अडकलेल्या बिस्किटांचा कोळसा झाला.

‘चायनीज माल! दुसरं काय होणार?’ तिथला मॅनेजर ओरडला.

तोवर मी हळूच पाटी वाचून आले होते. चूक कुणाची ते मला पक्कं कळलं होतं. पण प्रोबेशन संपायला दोन महिने होते, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला. मी मूग गिळून गप्प बसले.

वेईसाहेबांनी ड्राइव्हवर हात ठेवला. मग त्यातला रेकॉर्ड उघडला. कुणी, कधी, कोणता आकडा घातला, सगळं त्यात असतं. माझं नाव स्क्रीनवर आलं. त्यांनी ते वाचलं, स्क्रीन बंद केली आणि मॅनेजरला म्हणाले, ‘सॉरी. आमचं मॅन्युअल नीट समजत नाही. चूक आमची.’

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, ‘जेवलीस?’ मी ‘हो’ म्हणाले. तेही खोटंच.

ऑर्डर हातची गेली. आठवड्याभरात वेईसाहेबांना चीनला परत बोलावल्याचं कळलं. मी सगळं कबूल करणारा ईमेल तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. इतकी भित्री असेन असं मला वाटलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर नवं मॅन्युअल ठेवलं. एका पानावर मोठी चौकट होती : ‘मोटरीच्या पाटीवरचाच आकडा घाला.’ आणि पहिल्या पानावर, सुधारणा सुचवल्याबद्दल आभार, खाली माझं नाव!

‘मिस्टर वेई, तो आकडा मी घातला होता,’ मी कशीबशी म्हणाले. ‘मी तिथेच बोलायला हवं होतं.’

‘माहीत आहे,’ ते म्हणाले, आणि थर्मास खांद्याला लावून निघाले.

माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘तुमचं जेवण झालं?’

ते दारातच थांबले. बराच वेळ थर्मासचं झाकण फिरवत राहिले.

‘इथे येऊन वर्ष झालं,’ ते म्हणाले. ‘मला हे कुणी विचारलं नव्हतं.’

अख्ख्या ऑफिसात त्यांना हे विचारू शकेल अशी मी एकटीच होते.