घासून गेलेला नंबर

जगात न दुरुस्त होणारी वस्तू बुद्धभूषणांना मान्यच नव्हती! मिक्सर असो, गीझर असो, शिवणयंत्र असो, "लोखंड माझ्याशी बोलतं," असं ते विश्रांतवाडीभर सांगत. नेमकं काय बोलतं ते त्यांच्या बायकोला, शर्मिलाला, ठाऊक होतं. त्यांनी दुरुस्त केलेला मिक्सर लावला की घरातले दिवे जात!

थोरले भाऊ तात्याराव जाऊन तीन आठवडे झाले होते. वनखात्यात असताना घेतलेलं परवान्याचं रिव्हॉल्व्हर त्यांच्यामागे कपाटात उरलं होतं. परवाना ज्याच्या नावावर, तोच गेला. आता हत्यार पोलिसांत जमा करणं भाग होतं. राधावहिनींनी कागद काढून ठेवले आणि दिराला म्हणाल्या, "भाऊजी, सोमवारी माझ्याबरोबर येता का?"

बुद्धभूषणांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. रिकामं होतं. डबल ॲक्शन, म्हणजे नुसता चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन आपटायला हवा. त्यांनी चाप ओढला. घोडा दुपारच्या सरकारी कारकुनासारखा मागे रेलला, तो पुढे येईना!

"विलायती माल आहे, वहिनी! पहिल्या महायुद्धातला! तात्यांची वस्तू अशी मेलेली नाही देऊ द्यायची मी."

"राहू द्या हो. आहे तसंच द्यायचंय."

"दोन दिवसांचं काम!"

रविवारभर बुद्धभूषण भावाच्याच टेबलाशी बसले. स्क्रू काही उघडेनात, म्हणून त्यांनी बाहेरून सुरुवात केली. रॉकेल, मग पॉलिशपेपर, मग आणखी खरखरीत पॉलिशपेपर. भाऊ गेल्यापासून त्यांना रडू आलं नव्हतं. त्या दिवशी हात थांबेनात. संध्याकाळी रिव्हॉल्व्हर लग्नातल्या ताटासारखं लखलखत होतं.

सोमवारी चौकीत हवालदार मच्छिंद्र यांनी परवाना वाचला, हत्यार उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा पुसला.

"नंबर कुठाय?"

"कसला नंबर?"

"हत्याराचा. इथं कोरलेला असतो."

"गंजाबरोबर गेला असेल..." बुद्धभूषण पुटपुटले.

"असं? नंबर घासलेलं हत्यार बाळगलं तर गंजाबरोबर माणूसही आत जातो, काका. कोणाच्या घरात होतं हे?"

"माझ्या," वहिनी म्हणाल्या.

"अहो, घासलं मी! मला घ्या आत!" बुद्धभूषण ओरडले. बाकावरचा एक माणूस सरकून लांब बसला. पांढऱ्या साडीतली, नवरा गमावून एकवीस दिवस झालेली ही बाई, आणि आपण तिला गुन्हेगार करून ठेवलं!

मच्छिंद्रांनी लष्कर भागातल्या, बंदुका दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक दुकानदाराला, दिगंबर यांना, बोलावून घेतलं. त्यांनी आल्याआल्या ते चकचकीत प्रकरण पाहिलं आणि विचारलं, "कोणी मारलं याला?"

"विलायती आहे ना हो?" बुद्धभूषणांनी क्षीण आवाजात विचारलं.

"कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं आहे. महायुद्ध वगैरे काही पाहिलेलं नाही यानं." दिगंबरांनी मुठीवरच्या लाकडी पट्ट्या काढल्या. आतल्या लोखंडावर घासून गेलेला तोच नंबर पुन्हा स्वच्छ कोरलेला होता! मच्छिंद्रांनी परवान्याशी दोनदा ताडून पाहिला आणि नोंदवही आणायला आत गेले.

बुद्धभूषण उघड्या मुठीत वाकून बघत होते. "अहो, इथं मुख्य स्प्रिंगच नाहीये! मग घोडा आपटणार कसा? कोणी काढली?"

दिगंबर वहिनींकडे बघत राहिले.

"मी काढायला लावली," वहिनी म्हणाल्या. "बारा वर्षं झाली. माझा मुलगा, आपला संजय, लोणी काळभोरला गाडीखाली गेला, त्यानंतर हे दुपारभर ते पुढ्यात घेऊन बसायचे. लपवलं असतं तर दुसरं काही शोधलं असतं. साफ करून घ्यायला ते या दिगंबरांकडेच न्यायचे, तेव्हा मी यांना आधी फोन करून स्प्रिंग काढून घ्यायला सांगितलं."

"तात्यांना कळलं नाही?"

"महिन्याभरानं म्हणाले, राधा, हे बंद पडलंय, दुरुस्तीला टाकायला हवं. मी म्हटलं, टाकू." त्यांनी पदर सारखा केला. "पुढं दर वर्षी विचारायचे. मी म्हणायचे, टाकू."

म्हणजे बंद पडलंय हे त्यांना कळलं, ते चाप ओढूनच! बुद्धभूषणांनी लखलखत्या नळीवरून नजर काढून घेतली.

मच्छिंद्र वही घेऊन परतले. "हत्याराची स्थिती... नादुरुस्त." लिहितालिहिता त्यांनी मान वर केली. "काय हो मावशी, एवढी वर्षं घरात ठेवलंत, दुरुस्त नाही करून घेतलं?"

"घेतलं असतं," वहिनी म्हणाल्या, "तर तुम्हीच येऊन नेलं असतं की हो, बारा वर्षांपूर्वी."

मच्छिंद्रांना काही उमगलं नाही. "इथं सही करा," ते म्हणाले.